सुट्टीतली शाळा आणि पाच सेंटांचा सिनेमा

एप्रिल संपत आला की आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकाच हमखास निघणारा एक विषय असतो. शाळेला सुट्टी लागली, आता पोरांचं करायचं काय? आपण सकाळी डबा बांधून कामावर जातो. थोरली लेक असली तर ती धाकट्याला सांभाळते. मुलं विहिरीवर, नाहीतर रस्त्यावर. आणि ज्याच्या हाती मोबाइल लागला, तो तर मान वरच करत नाही. मग एक बाई म्हणते, मोबाइल कुलपात ठेवा. दुसरी म्हणते, या पिक्चरांनीच पोरं बिघडवली.

आज या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. कारण हा प्रश्न आजचा नाही आणि एकट्या आपल्या गावाचाही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरातल्या बायांपुढे तो असाच उभा होता. मोबाइल तेव्हा नव्हता, पण थोड्याच वर्षांत सिनेमा आला. गोष्ट तिथल्या चर्चची आहे आणि चर्चला जाणाऱ्या तरुण मुलामुलींची आहे. आपण ऐकणाऱ्या सगळ्या धर्मांच्या आहोत. पण पोटची पोरं दिवसभर कुणाच्या नजरेत राहणार, ही काळजी सगळ्या घरांत सारखीच असते.

आधी थोडं मागे, इंग्लंडात जाऊ. मुलांसाठी चर्चने चालवलेल्या वर्गाला संडे स्कूल म्हणतात. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक त्याला शब्बाथशाळा म्हणतात. हा वर्ग रविवारीच का? कारण बाकीचे सहा दिवस गरिबांची मुलं कामावर असत. ग्लॉस्टर नावाच्या गावात टाचण्यांचे कारखाने होते आणि त्यात लहान मुलं राबत. रविवारी कारखाना बंद, म्हणून ती रस्त्यावर दंगा करत. रॉबर्ट रेक्स हे तिथल्या वर्तमानपत्राचे मालक. त्यांनी १७८० साली काही बायांना दर रविवारी एक शिलिंग देऊन मुलांना वाचायला शिकवायचं काम दिलं. नाव रेक्स यांचं झालं, पण त्यांच्याही आधी, १७६९ साली, हाय विकम गावात हॅना बॉल नावाच्या एका बाईने असा वर्ग सुरू केला होता. मैत्रिणींनो, इतिहासात असं पुष्कळदा दिसतं. काम आधी एखाद्या बाईने सुरू केलेलं असतं आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं लागतं.

या शाळांची दुसरी बाजूही सांगायला हवी. हॅना मोर या लेखिकेने १७८९ पासून इंग्लंडच्या मेंडिप डोंगराच्या भागात गरिबांसाठी शाळा काढल्या. तिथे मुलांना वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवायचं नाही असा नियम होता. गरिबाने धर्मग्रंथ वाचावा, मात्र हातात लेखणी घेऊ नये, अशी त्यामागची समजूत. आपल्यापैकी किती जणींनी गटात आल्यावर पहिल्यांदा अंगठ्याच्या जागी सही केली, ते आठवा, म्हणजे या नियमाचा अर्थ कळेल. म्हणून मुलांसाठी कुणी काही चालवत असेल तर विचारायला पाहिजे, यात पोरांना काय मिळणार आणि काय हातचं राखून ठेवलं जाणार? तरीही ज्या काळात सरकारी शाळा नव्हती, त्या काळात लाखो कामकरी मुलांना अक्षरओळख झाली ती या रविवारच्या वर्गांमुळेच. इंग्लंडात सरकारने प्राथमिक शाळांचा कायदा केला तो १८७० साली.

आता अमेरिकेत येऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या पूर्व भागात परदेशातून पोट भरायला आलेल्या लोकांची दाट वस्ती होती. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. उन्हाळ्यात शाळा बंद झाली की मुलं रस्त्यावर, घोडागाड्यांच्या चाकांमधून पळायची. एलिझा हॉज नावाच्या बाई तिथे चर्चच्या मुलांच्या कामात होत्या. त्यांनी १८९८ च्या उन्हाळ्यात मुलांना रोज एकत्र बसवायचं ठरवलं. जागा कुठली मिळाली? बिअरचा गुत्ता! तो त्यांनी भाड्याने घेतला. तिथे मुलांना बायबलमधल्या गोष्टी, गाणी आणि हाताची कामं असं शिकवणं सुरू झालं. त्याच्या चार वर्षं आधी, १८९४ साली, इलिनॉय राज्यातल्या होपडेल या लहान गावात माइल्स नावाच्या शिक्षिकेने उन्हाळ्यात असाच वर्ग घेतला होता. आठवड्यातून एकदा तासभर शिकवून काही पुरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

हॉजबाईंचं काम पाहून रॉबर्ट बोव्हिल नावाच्या पाळकांनी १९०१ पासून न्यूयॉर्कमध्ये अशा आणखी शाळा काढल्या. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. त्यांनी केलेला हिशेब फार साधा होता. उन्हाळ्यात तीन गोष्टी रिकाम्या पडून असतात. मुलं रिकामी, चर्चची इमारत आठवडाभर रिकामी आणि कॉलेजची पोरं-पोरी सुट्टीमुळे रिकामी. मग या तिघांची गाठ घालून द्यायची. सकाळी मुलं यायची. गाणी, गोष्टी, खेळ, मुलींना शिवणकाम, मुलांना सुतारकाम. शिकवायला विशीच्या आसपासची तरुण मंडळी. ही पद्धत पुढे देशोदेशी गेली आणि आपल्याकडच्या चर्चमध्येही आली. मे महिन्यात भरणाऱ्या या वर्गाला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक व्हीबीएस म्हणतात.

याच काळात सिनेमाही गल्लीबोळांत शिरला. १९०५ साली पिट्सबर्ग शहरात एका दुकानाच्या गाळ्यात खुर्च्या मांडून पाच सेंटात सिनेमा दाखवायला सुरुवात झाली. पाच सेंटाच्या नाण्याला तिथे निकेल म्हणतात, म्हणून त्या जागेचं नाव निकेलोडियन. आपल्या जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवतो का? जमिनीवर बसायचं, मधे रीळ तुटली की शिट्ट्या. साधारण तीच तऱ्हा. तिकीट इतकं स्वस्त की पोरंसुद्धा पैसे साठवून जाऊ लागली. बघता बघता देशभर असे हजारो गाळे झाले.

आईबापांची आणि चर्चची काळजी खोटी नव्हती. अंधारी खोली, हवा कोंदट. रिळांचं साहित्य लगेच पेट घेणारं, त्यामुळे आगीची भीती. शिवाय पडद्यावर चोऱ्या, दरोडे आणि प्रेमप्रकरणं. जेन ॲडम्स या समाजसेविकेने शिकागोतल्या गरीब वस्तीत हल हाऊस नावाची संस्था उभी केली होती. १९०९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक प्रसंग दिला आहे. नऊ, अकरा आणि तेरा वर्षांच्या तीन मुलांनी पडद्यावर घोडागाडी लुटण्याचा प्रकार पाहिला. मग कितीतरी दिवस बेत करून, पैसे साठवून त्यांनी पिस्तूल आणि दोराचा फास मिळवला आणि गल्लीत दूध घालायला येणाऱ्या माणसाला लुटायला पहाटे दबा धरून बसली. फास टाकला तेवढ्यात घोडा बुजला. गोळी सुटली, पण नशिबाने दूधवाला वाचला.

अशी गोष्ट ऐकली की आपण काय म्हणू? बंद करा तो सिनेमा! न्यूयॉर्कच्या महापौरांनी १९०८ साली अगदी हेच केलं. चर्चच्या मंडळींच्या तक्रारी होत्याच. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी शहरातल्या सगळ्या, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास सिनेमाघरांचे परवाने रद्द केले. मालक कोर्टात गेले आणि घरं पुन्हा उघडली. पुढच्याच वर्षी चित्रपट आधी पाहून पारखणारं एक मंडळ तिथे स्थापन झालं.

जेन ॲडम्सबाईंची वाट वेगळी होती. तिघा मुलांचा तो प्रसंग लिहूनही बंदी हे त्यावरचं औषध आहे असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी आधी विचारलं, मूल तिथे जातं का? दिवसभर कारखान्यात तेच ते काम करून थकलेल्या, खेळायला जागा नसलेल्या पोराला स्वप्न बघायला दुसरी जागाच नसते, म्हणून ते जातं. त्या प्रकरणाला त्यांनी नावच ‘स्वप्नांचं घर’ अशा अर्थाचं दिलं आहे. एवढं लिहून त्या थांबल्या नाहीत. १९०७ च्या उन्हाळ्यात त्यांनी हल हाऊसमध्ये स्वतःच पाच सेंटांचा सिनेमा सुरू केला, चांगले चित्रपट निवडून. तो फार दिवस चालला नाही. पण मोठ्यांनी पोरांशेजारी बसून पडद्याकडे पाहिलं, ही गोष्ट मोठी होती.

आता मधे सापडलेल्या त्या तरुण पिढीकडे या. सकाळी चर्चमध्ये पोरांना नोहाच्या तारवाची गोष्ट सांगायची, चित्रं रंगवून घ्यायची, आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं. एकाच माणसाने दोन्ही करावं का? अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चच्या मोठ्या शाखेने १८७२ साली नियमच केला होता की सभासदांनी नाच, जुगार, नाटक, सर्कस आणि घोड्यांच्या शर्यती यांपासून दूर राहावं. सिनेमा आल्यावर तोही त्याच पंगतीत बसला. तरुणांनी नियम किती पाळला? १९२४ साली चर्चला तो सैल करावा लागला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रिव्होली नावाच्या मोठ्या थिएटरात हवा गार करणारं यंत्र बसलं. तोपर्यंत उकाड्यामुळे उन्हाळ्यात सिनेमागृहं ओस पडत. आता लोक नुसत्या गारव्यासाठीही तिकीट काढू लागले. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शाळा आणि सिनेमा, दोन्ही एकाच वेळी जोरात. १९३४ साली तिथल्या कॅथलिक चर्चने वाईट चित्रपट न पाहण्याची शपथ लाखो लोकांना दिली. म्हणजे ओढाताण काही संपली नव्हती.

पण त्याच सुमाराला एक चांगलं काम झालं. सिनेमाचा मुलांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायला १९२९ पासून काही प्राध्यापकांना पैसे मिळाले. त्यांतल्या हर्बर्ट ब्लूमर यांनी कॉलेज आणि हायस्कूलच्या मुलामुलींना सांगितलं, तुम्ही लहानपणापासून कोणते सिनेमे पाहिले आणि त्यांचं तुमच्यात काय उतरलं, ते स्वतः लिहा. नाव गुप्त राहील. मुलांनी मोकळेपणाने लिहिलं. कुणी नटीसारखे केस वळवले, कुणी लहानपणी पडद्यावरची मारामारी अंगणात खेळून पाहिली, कुणाला भीतीने रात्र रात्र झोप लागली नाही. आजवर पोरांविषयी सगळे बोलत होते, पोरांना विचारलं ते इथे.

तुम्ही म्हणाल, या साता समुद्रापलीकडच्या गोष्टी. तर आपल्या मातीतलं सांगते. १९१०-११ च्या सुमाराला मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक विलायती चित्रपट लागला होता. तो पाहायला त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके गेले. पडद्यावर येशूचं चरित्र चाललं होतं आणि त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. आपले देव असे पडद्यावर कधी येतील, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट नेऊन दाखवला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ख्रिस्ती भाविकांसाठी केलेल्या चित्रपटातून आपल्या सिनेमाची ठिणगी पडली ती अशी.

सरस्वतीबाईंचं नाव आपण बचत गटातल्या बायांनी तर विसरूच नये. त्यांनी दागिने दिले. कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडली. त्या चित्रपटात तारामती मात्र एका पुरुषाने केली, अण्णा साळुंके यांनी. कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. सिनेमात काम करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, ही भीती होती ना! त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, या मायलेकींनी ती भीती मोडली. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण केला तो फाळक्यांच्या चिमुरड्या लेकीने, मंदाकिनीने.

लोक काय म्हणतील, हे आजही संपलेलं नाही. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात ख्रिस्ती वस्ती आहे. तिथली बी.ए.ला शिकणारी एक मुलगी दर मे महिन्यात आपल्या चर्चमध्ये लहान मुलांची सुट्टीतली शाळा घेते. गावातल्या गटाच्या काही बायांना वाटलं, तिने सगळ्याच पोरांसाठी पंधरा दिवस असं काही घ्यावं. बैठकीत दोन हरकती निघाल्या. एक, तिचा धर्म वेगळा. त्यावर तोडगा लगेच निघाला. वर्ग समाजमंदिरात घ्यायचा. गाणी, वाचन, कागदकाम, खेळ शिकवायचे आणि धर्माचं शिक्षण ज्याने त्याने आपापल्या घरी द्यायचं. तिने आनंदाने मान्य केलं. दुसरी हरकत जड होती. “ती पोरगी मैत्रिणींबरोबर तालुक्याला पिक्चर बघायला जाते. आपली पोरं तिच्या हाती कशी द्यायची?” यावर बैठक तासभर अडली. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “अगं, आपली पोरं काय बघत्यात ते आपल्याला ठावं हाय का? तिला तरी ठावं असंल.” आणि वर्ग सुरू झाला.

म्हातारीचं बोलणं चौथ्याच दिवशी खरं ठरलं. दुसरीतला एक मुलगा अंधार पडला की घराबाहेर पाय टाकत नव्हता. आईला वाटलं होतं, शेजारच्या कुत्र्याला घाबरतो. पोरीने मुलांना विचारलं, मोबाइलवर काय पाहता, एकेकाने सांगा. तेव्हा कळलं की मोठ्या भावाबरोबर त्याने भुताचा सिनेमा पाहिला होता. तिनेही तो पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तिने पीठ, काजळ आणि कुंकू आणलं आणि मुलांनाच एकमेकांची भुतं रंगवायला लावली. सगळी भुतं हसून हसून लोळली. ज्या पोरीने सिनेमा कधी पाहिलाच नसता, तिला हे सुचलं असतं का?

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून मला एवढंच दिसतं. नुसतं कुलूप लावून मुलं सांभाळली गेली नाहीत, न्यूयॉर्कला नाही आणि इथेही नाही. मुलं सांभाळली ती त्यांच्याबरोबर बसणाऱ्यांनी. त्यांत हॉजबाईंसारख्या बाया होत्या आणि सकाळी गोष्ट सांगून संध्याकाळी सिनेमाला जाणारी कॉलेजची पोरं-पोरीही होती. जिला पोरांचं जग ठाऊक आहे, ती त्यांना त्या जगात वाटही दाखवू शकते. वाईट काय ते टाळलं पाहिजेच. अडीच-तीन वर्षांच्या लेकराच्या हाती तासन् तास मोबाइल नको, हेही खरं. पण पारख करणारं माणूस जवळ असलं तर पोरगं स्वतः पारख शिकतं.

बोव्हिल यांचा हिशेब आपल्यालाही मांडता येईल. आपल्या गावात मे महिन्यात काय काय रिकामं असतं? शाळेची खोली, समाजमंदिर, मंदिराचा ओटा. सुट्टीवर आलेल्या बारावीच्या आणि बी.ए.च्या पोरी. आणि आपली पोरं. येत्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहून काढा. जागा कोणती, शिकवायला कोण आणि सकाळचे दोन तास कोणते. त्या मुलीच्या हातावर काही ठेवायचं असेल तर ग्रामसंघात ठराव घेऊन ठेवा. इंग्लंडातल्या बायांनाही रविवारचा एक शिलिंग मिळत होता, फुकट राबवून घेतलं नव्हतं. आणि आठवड्यातून एक दिवस पोरांबरोबर बसून त्यांना आवडणारा एखादा सिनेमा पाहा. संपल्यावर फक्त एक विचारा, “तुला यातलं कोण आवडलं आणि का?”

उत्तर ऐकताना मधे बोलू नका, एवढं मात्र सांभाळा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.